एवढ्याशा देणगीने काय होते?

मदतीचे आवाहन समोर आले की मनात साधारणपणे दोन शंका येतात. आपल्या एवढ्याशा पैशांनी कोणाचे काय भले होणार, ही पहिली. आवाहन एखाद्या प्रसिद्ध गायकाने, नटाने किंवा खेळाडूने केलेले असेल तर दुसरी शंकाही येते, ती म्हणजे यात मदत किती आणि मिरवणे किती. मी गेली बरीच वर्षे दरमहा लहान रकमा देत आले आहे आणि ज्या संस्थांना देते त्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याची खोडही मला जडलेली आहे, त्यामुळे या दोन्ही शंका माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. अहवाल वाचता वाचता माझे मत मात्र असे होत गेले की रक्कम केवढी आहे आणि मागणारा कोण आहे यावर फारसे काही ठरत नाही. पैसा जमा झाल्यापासून तो खर्च होईपर्यंतच्या मधल्या काळात त्याचे काय होते, यावर बहुतेक सगळे ठरते, आणि नेमक्या त्या काळाकडे देणाऱ्याचे लक्ष नसते.

लहान देणग्यांचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेतील पोलिओविरोधी मोहिमेचे आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ साली आलेल्या आजारपणात लुळे पडले होते. त्यांच्याच पुढाकाराने पोलिओसाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि जानेवारी १९३८ मध्ये एडी कँटर या रेडिओवरच्या लोकप्रिय विनोदवीराने श्रोत्यांना आवाहन केले, की प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे, म्हणजे एक डाइम, थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवून द्यावे. या मोहिमेला ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नावही त्यानेच दिले. पहिल्या एकदोन दिवसांत फारसे काही आले नाही. त्यानंतर मात्र टपालाच्या थैल्यांची अशी रीघ लागली की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची नेहमीची पत्रे त्यांत शोधावी लागू लागली. मोजदाद झाली तेव्हा २६ लाख ८० हजार नाणी भरली. त्यांची किंमत होते २ लाख ६८ हजार डॉलर.

आता ही रक्कम लहान नव्हे, पण एका देशव्यापी रोगापुढे ती फार मोठीही नव्हे. गोष्ट एवढ्यावरच संपली असती तर ती एक हृद्य आठवण म्हणून उरली असती. तसे झाले नाही, कारण थैल्या रिकाम्या झाल्यावरही पैसे मागणारी संस्था जागेवर होती, तिच्या गावोगावी शाखा निघाल्या, स्वयंसेवक दर जानेवारीत पुन्हा लोकांकडे जाऊ लागले आणि लोक पुन्हा देऊ लागले. या पैशांतून रुग्णांच्या उपचारांचा आणि कृत्रिम श्वासयंत्रांचा खर्च भागवला गेला आणि त्याच वेळी संशोधकांनाही अनुदाने मिळत राहिली. पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत मज्जासंस्थेव्यतिरिक्त इतर पेशींमध्ये वाढवता येतो, हे १९४९ साली दाखवून देणाऱ्या एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांच्या कामाला याच प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. त्या कामासाठी तिघांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जोनास साल्क यांच्या लसीची १९५४ मधील प्रचंड चाचणी, जिच्यात सुमारे १८ लाख मुले सहभागी होती, तीही प्रामुख्याने याच देणग्यांवर उभी राहिली. लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाले. कँटरच्या आवाहनापासून तोपर्यंत १७ वर्षे उलटली होती. प्रसिद्धीने पहिली थैली भरली हे खरे आहे, पण उरलेल्या वर्षांचे काम पावती फाडणाऱ्या, शाखा चालवणाऱ्या आणि कोणत्या संशोधकाला पैसे द्यायचे हे बसून ठरवणाऱ्या माणसांनी केले.

या उदाहरणालाही एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिकेत पोलिओची सर्वांत वाईट साथ १९५२ साली आली आणि त्या वर्षी सुमारे ५८ हजार लोकांना लागण झाली. हा आकडा भयंकर असला तरी त्याच काळात अपघात आणि कर्करोग यांमुळे अधिक मुले दगावत होती. त्यांच्या वाट्याला ना असे प्रतिष्ठान आले, ना असा राष्ट्राध्यक्ष. प्रसिद्धीचा झोत ज्या दुःखावर पडतो त्याच्याकडे पैसा वाहतो आणि तो झोत गरज मोजून पडत नसतो. माझ्या मते प्रसिद्ध व्यक्तींच्या निधिसंकलनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. त्यांच्या हेतूंवर घेतले जाणारे आक्षेप मला त्यामानाने किरकोळ वाटतात. एखाद्या नटीने कॅमेऱ्यासमोर अश्रू ढाळले म्हणून रुग्णाचे औषध कमी गुणकारी होत नाही.

लहान देणगीच्या हिशेबाकडे वळते, कारण तिथे दोन्ही बाजूंनी चुकीचे बोलले जाते. मलेरियापासून बचाव करणाऱ्या, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचे उदाहरण घेऊ. अशा मच्छरदाणीची खरेदी दोनेक डॉलरमध्ये होते आणि वाटपासकट खर्च धरला तरी तो पाचसहा डॉलरच्या आसपास राहतो. त्यावरून ‘तुमचे काही डॉलर एका मुलाचा जीव वाचवतील’ अशी जाहिरात करणे सोपे आहे, पण ती खरी नसते. मच्छरदाणीत झोपणाऱ्या प्रत्येक मुलाला मलेरिया होणारच होता असे नाही, आणि ज्यांना झाला असता ती सगळी मुले दगावलीच असती असेही नाही. म्हणूनच अशा कामांचे काटेकोर मूल्यमापन करणाऱ्या गिव्हवेल या संस्थेचा अंदाज एक मृत्यू टाळण्यासाठी काही हजार डॉलर असा येतो. या दोन आकड्यांमधले अंतर पाहून कोणी निराश होतो आणि कोणाला वाटते की आपली फसवणूक झाली. मला दोन्ही प्रतिक्रिया अनाठायी वाटतात. काही हजार डॉलरमध्ये एका माणसाचे प्राण वाचणे ही अतिशय स्वस्त गोष्ट आहे. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाचे जे ६६ कोटींहून अधिक रुग्ण टळले असा अंदाज २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांचे श्रेय मच्छरदाण्यांना दिले गेले. आपल्या वाट्याला त्यातला एक अपूर्णांक येतो, एवढेच. पूर्ण जीव आपल्या नावावर जमा व्हावा हा हट्ट सोडला की तो अपूर्णांकही पुरेसा वाटू लागतो.

यावर एक चलाख आक्षेप घेतला जातो. संस्था काही एकेक मच्छरदाणी विकत घेत नाही, ती लाखांच्या मागण्या नोंदवते. मग माझ्या पाच डॉलरांमुळे त्या मागणीत कोणता फरक पडतो? बहुतेक वेळा कोणताच नाही, हे मान्य करायला हवे. पण कोणाच्या तरी पाच डॉलरांनी निधी त्या मर्यादेपलीकडे जातो आणि पुढची मोठी मागणी नोंदवली जाते, आणि ते पाच डॉलर कोणाचे असतील हे आधी कोणालाही कळत नाही. काहीच न घडण्याची शक्यता मोठी असते आणि पुष्कळ काही घडण्याची शक्यता छोटी असते. दोन्हींची सरासरी काढली तर उत्तर पुन्हा पाच डॉलरच्या मच्छरदाणीएवढेच येते. मतदानाबद्दल आपण हाच तर्क बिनतक्रार स्वीकारतो, पैशाच्या बाबतीत मात्र तो पटायला जड जातो.

‘थोडे दिले तरी चालेल’ असे म्हटल्याने माणसे कमी देतात, अशीही एक समजूत असते. रॉबर्ट सियाल्दिनी आणि डेव्हिड श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली घरोघरी जाऊन केलेल्या प्रयोगात ती खोटी ठरली. नेहमीच्या विनंतीला ‘अगदी एक सेंटही उपयोगी पडेल’ एवढेच शब्द जोडल्यावर देणाऱ्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले आणि प्रत्येकाने दिलेली रक्कम मात्र घटली नाही.

पैसा आल्यावर काय होते, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत बोलके प्रकरण ऑस्ट्रेलियातले आहे. जानेवारी २०२० मध्ये वणव्यांनी तो देश होरपळत असताना सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर निधी गोळा करायला सुरुवात केली. उद्दिष्ट होते ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचे. जगभरातून लोकांनी दिलेली रक्कम थोड्याच दिवसांत ५ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेली. देणाऱ्यांना वाटत होते की हे पैसे घरे गमावलेल्या कुटुंबांना, होरपळलेल्या प्राण्यांना, शेजारच्या राज्यांतील अग्निशामकांना, अशा सगळ्यांनाच मिळतील, आणि बार्बर यांनीही तसाच मनोदय बोलून दाखवला होता. परंतु फेसबुकच्या त्या पानावर लाभार्थी म्हणून एकाच न्यासाचे नाव होते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या तुकड्यांसाठी असलेला हा न्यास होता आणि त्याच्या न्यासपत्रात पैसे कशासाठी वापरावेत हे स्पष्ट लिहिलेले होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा पैसा इतर धर्मादाय संस्थांना किंवा इतर राज्यांच्या दलांना देता येणार नाही. मात्र जखमी अग्निशामकांना, कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना आणि दलाच्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी व मानसिक आधारासाठी तो वापरता येईल.

या निकालावर लोकांनी बरीच आदळआपट केली. मला विचाराल तर न्यायालयाला दुसरे काही करणे शक्यच नव्हते. देणगीदाराच्या मनात काय होते हे तपासून पैसे वाटायचे ठरले, तर कोणताही निधी सुरक्षित राहणार नाही. या प्रकरणात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी खोटे बोलले नाही, मागणारी प्रामाणिक होती आणि घेणारा न्यासही सच्चा होता. तरीही लाखो माणसांच्या इच्छेचा आणि पैशाच्या प्रवासाचा मेळ बसला नाही, कारण ३० हजारांच्या हिशेबाने निवडलेल्या पत्त्यावर ५ कोटी येऊन थडकले.

याच्या उलट वागणूक २००४ च्या त्सुनामीनंतर दिसली होती. देणग्यांचा ओघ सुरू होऊन काही दिवस झाले नाहीत तोच, ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेने जाहीर केले की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले आहेत, त्या नावाने आता देऊ नका. ज्यांनी आधीच दिले होते त्यांना संस्थेने विचारले की तुमचे पैसे दुसऱ्या संकटांसाठी वापरले तर चालतील का. बहुसंख्य लोकांनी होकार दिला. इतर काही संस्थांना हा उद्धटपणा वाटला. मला मात्र तेव्हापासून त्या संस्थेबद्दल आदर आहे, कारण पुरे म्हणणारा याचक फार विरळा असतो.

कधी कधी घोळ याहून साधा असतो. पंडित रविशंकर यांच्या सांगण्यावरून जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल भरवली. प्रवेशमूल्यातून मिळालेले २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकांची आणि चित्रपटाची त्याहून कितीतरी मोठी मिळकत मात्र वर्षानुवर्षे अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात अडकून पडली, कारण कार्यक्रम धर्मादाय म्हणून आधी रीतसर नोंदवलेला नव्हता. निर्वासितांची तातडी कर अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचत नाही.

आणि सगळे रीतसर झाले तरी निकाल हमखास लागतो असेही नाही. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या २०१४ मधल्या खुळाची आपण सर्वांनी चेष्टा केली. त्यातून अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला ११ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. एएलएस म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवून टाकणारा, आजही बरा न होणारा मज्जासंस्थेचा आजार. या पैशाचा मोठा भाग संशोधनाकडे गेला आणि २०१६ मध्ये या निधीचे पाठबळ असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनातून एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध पुढे आला. याच निधीतून मदत मिळालेल्या एका औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा मोहिमेचे सार्थक झाले असे सर्वांनी लिहिले. पुढे मोठ्या चाचणीत ते औषध निरुपयोगी ठरले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. संशोधनाला दिलेला पैसा असाच असतो. ज्याला हे सोसत नाही त्याने मच्छरदाण्यांना द्यावे. तिथे आकडे अधिक भरवशाचे आहेत.

मागण्याच्या पद्धतीचीही किंमत असते आणि ती देणारा मोजत नाही. जेरी लुईस या विनोदवीराने १९६६ पासून २०१० पर्यंत दर वर्षी दूरचित्रवाणीवर तासन्‌तास चालणारा कार्यक्रम करून स्नायुविकारांच्या रुग्णांसाठी प्रचंड निधी जमवला. पण त्याच आजारांसह जगणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी पुढे त्या कार्यक्रमाविरुद्ध निदर्शने केली. वर्षानुवर्षे आम्हाला केविलवाणी लेकरे म्हणून दाखवत राहिलात, तर नोकरी देणारा माणूस आम्हाला कोणत्या नजरेने पाहील, हा त्यांचा प्रश्न होता. मला त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. कणव उत्पन्न करणारे चित्र जास्त पैसे आणते, हे तर प्रयोगांनीच दाखवले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना उपासमारीची आकडेवारी दाखवली तेव्हा त्यांनी जेवढे दिले, त्याच्या सुमारे दुप्पट त्यांनी एका सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र पाहून दिले. आणि छायाचित्राबरोबर आकडेवारीही दाखवली, तेव्हा देणे पुन्हा घटले. निधी जमवणाऱ्या माणसाने हे वाचल्यावर काय करावे, अशी अपेक्षा आपण धरतो?

आणखी एक मर्यादा राजकारणाची. १३ जुलै १९८५ चा ‘लाइव्ह एड’ हा संगीतसोहळा इथिओपियातील दुष्काळासाठी होता. पावसाने दगा दिला होता हे खरे, पण भूक पसरण्यामागे यादवी युद्ध आणि तिथल्या राजवटीची धोरणेही तेवढीच होती. उत्तरेकडच्या लोकांना सक्तीने दक्षिणेत हलवण्यासाठी ही राजवट मदतकेंद्रांचाच वापर करत असल्याचे वर उल्लेखलेल्या डॉक्टरांच्या संस्थेच्या फ्रेंच शाखेने उघडपणे सांगितले आणि १९८५ च्या अखेरीस तिला देशाबाहेर काढण्यात आले. बाकीच्या बहुतेक संस्था गप्प राहून काम करत राहिल्या. त्यांच्या अन्नाने माणसे जगली हे नाकारता येत नाही, आणि त्यांच्या मौनाचा राजवटीला उपयोग झाला हेही नाकारता येत नाही. वीस वर्षांनी, २ जुलै २००५ रोजी, त्याच आयोजकांनी ‘लाइव्ह ८’ भरवले तेव्हा त्यांनी लोकांकडे पैसे मागितलेच नाहीत, श्रीमंत राष्ट्रांवर दबाव आणण्यासाठी पाठिंबा मागितला. १८ गरीब देशांचे सुमारे ४,००० कोटी डॉलरचे कर्ज माफ करण्याचा प्रस्ताव त्या राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी तीन आठवडे आधीच मान्य केला होता. तेव्हा त्याचे श्रेय गाण्यांपेक्षा त्या मागणीसाठी वर्षानुवर्षे चिवटपणे झगडणाऱ्या कार्यकर्त्यांना जाते, तरी कोणत्याही मैफलीतून एवढा पैसा उभा राहिला नसता हे उघड आहे.

प्रसिद्ध माणसांकडे पैशापेक्षा दुर्मीळ असे काही असेल तर ते लोकांचे लक्ष. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात राजकन्या डायना यांनी हातमोजे न घालता एका एड्सरुग्णाशी हस्तांदोलन केले. त्या काळी स्पर्शाने हा रोग होतो अशी भीती सर्वत्र पसरलेली होती, आणि डॉक्टरांनी काढलेल्या कित्येक पत्रकांना जे साधले नव्हते ते त्या एका छायाचित्राने बरेचसे साधले. असे काम तुम्हीआम्ही लहान देणग्या जमवून करू शकत नाही.

म्हणून कोणा तारकेचे आवाहन आले की आता मी तिच्याकडे कमी आणि खालच्या बारीक अक्षरांकडे जास्त पाहते. पैसे कोणत्या नावाने जमा होणार, कशासाठी, आणि गरजेपेक्षा जास्त जमले तर काय करणार, हे तिथे लिहिलेले नसेल तर मी पान बंद करते. प्रशासकीय खर्चाची टक्केवारी मात्र मी हल्ली पाहत नाही. हिशेबनीस नाही, गोदाम सांभाळणारा नाही, वाटप झाले की नाही हे पाहायला जाणारा कोणी नाही, अशा संस्थेचा प्रशासकीय खर्च अर्थातच कमी येतो. देताना मी विशिष्ट प्रकल्पाऐवजी सर्वसाधारण निधी निवडते, कारण विजेचे बिल भरायला कोणी देणगी देत नाही. रक्कम लहान असते, पण दरमहा ठरल्या तारखेला जाते, आणि अशा देणगीदारांच्या भरवशावर संस्थेला पुढच्या वर्षासाठी माणूस नेमता येतो. एका रात्रीत आलेल्या कोट्यवधींच्या भरवशावर तसे करण्याचे धाडस कोणी जबाबदार विश्वस्त करणार नाही.

कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी साधारण तीन वर्षे टिकते. त्यानंतर ती फाटते, औषधाचा असर ओसरतो आणि त्याच गावात, त्याच घरांसाठी पुन्हा तेवढेच पैसे लागतात. प्रसिद्ध लोकांकडून काही मागायचेच झाले, तर त्यांनी एकदा केलेले आवाहन तिसऱ्या वर्षी, कॅमेरे नसतानाही, त्याच गावांसाठी पुन्हा करावे एवढेच मी मागेन.